खळ्यावरच्या कर्ण्याने फक्त वारा सांगावा

त्या सकाळी मी बोंबील टांगत होते. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर सोडायची. त्याआधी पेज उकळून झाली होती, सून केसर हिला विहिरीवर धाडले होते, रांजणातले मीठ ओलावले का ते हात घालून पाहिले होते आणि कावळ्यांना शिव्या देऊन झाल्या होत्या. तेवढ्यात बूट घातलेले दोन गडी खळ्यात शिरले, माझ्या दोरीखालून वाकून पुढे गेले आणि एकाने जमिनीत खुंटी ठोकली. मी विचारले, "बाबा, खुंटी कुनाची?" तो म्हणाला, "रेडिओची." मी म्हटले, "मग त्यालाच येऊ दे विचारायला."

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे अलिबागचे वकील म्हणतात. त्यांनी करून दिलेल्या मसुद्यात 'सदरहू' आहे, 'उपरोक्त' आहे, 'मजकूर इसम' आहे, फक्त नीराबाई कुठे सापडत नाही. तो मसुदा मी मांदेली बांधायला ठेवला आहे. कायद्याला हवे तेवढे पुढे देते.

मी नीराबाई, कैलासवासी हिरामण तांडेल यांची विधवा, जात कोळी, धंदा मासळी सुकवणे व विकणे, वय साठाच्या आसपास, नक्की सांगणारे कोणी उरले नाही. राहणार थळ, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. मला कोणी दारू पाजलेली नाही, भरीला घातलेले नाही. धमकी एकदा मिळाली, ती खाली येईल. मी शाळेत गेले नाही. सुकट बांधायला मुंबईहून वर्तमानपत्रांची रद्दी यायची, तिच्यावर बोट फिरवत वाचायला शिकले. पुडीच्या कागदावर बातमी अर्धीच असते. कोण पडले ते आपल्याला कळते, का पडले ते गिऱ्हाईक घेऊन जाते. त्यामुळे हा कागद मी पुरा लिहिणार आहे, लांबला तर लांबला.

कलम पहिले. खळे.

मासळी वाळवण्याचे माझे खळे, काठ्या-दोऱ्यांसह. उत्तरेला भागुबाईचे घर, दक्षिणेला देवळाची वाट, पूर्वेला माझे राहते घर, पश्चिमेला दर्या. त्याची हद्द तो स्वतः ठरवतो. हे खळे वडिलोपार्जित नाही आणि नवऱ्याचेही नाही. डोक्यावर पाटी घेऊन अलिबागेच्या बाजारात बसले, त्यातून घेतले, कागद माझ्या नावाचा आहे. आमच्यात पुरुषाने मासळी आणायची, बाईने विकायची आणि पैसा बाईच्या कमरेला. हिरामण एवढा नावाचा तांडेल, होडीवर सगळे त्याच्या हुकमात, पण विडीला पैसे माझ्याकडे मागायचा आणि मी कारण विचारायची.

हे खळे मी सून केसर हिला देते. मुलगा चंदर याला देत नाही. त्याला दिले तर ते रामचंद्रशेठांना दिल्यासारखेच आहे.

रामचंद्रशेठ म्हणजे किनारा बँकेचे मालक आणि अलिबागच्या रेडिओ केंद्राचेही मालक. माणूस एकच, दुकाने दोन. त्यांना या खळ्यावर बँकेची शाखा बांधायची आहे आणि तिच्या डोक्यावर रेडिओचा मोठा मनोरा. गेल्या महिन्यात येऊन गेले. माझ्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "बाई, आज द्याल तर किंमत मिळेल. तुमच्यामागे चंदर मला फुकट देईल." चंदर त्यांच्या केंद्रात नोकरीला आहे. खळे मिळाले की त्याला केंद्राचा मुख्य करतो, असे त्यांनी त्याला कबूल केले आहे. वर सांगितलेली धमकी ती हीच. चहा मी त्यांना साखर घालून दिला होता, याचे आता वाईट वाटते.

खांब खळ्यावर कसा आला तेही लिहिते. खुंटीवाल्यांना मी हाकलले तेव्हा शेठ स्वतः आले. बूट खळ्याबाहेर काढून आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. म्हणाले, अलिबागला माझ्या बंगल्यात रेडिओ सुरू झाला आहे. तुमच्या खळ्यात एक खांब, त्यावर एक कर्णा, खाली पेटीत बॅटरी. रोज सकाळ-संध्याकाळ कर्णा वारा सांगेल, वादळ सांगेल, तुमची माणसे वाचतील. हिरामणला पटले. मलाही पटले. शिवाय वारा सांगायला त्यांनी आमच्या चंदरलाच घेतले, कारण पुण्याहून आणलेला गडी बोलला की आमच्या लोकांना वाटायचे कीर्तन चालू आहे. चंदरचा आवाज लहानपणापासून मोठा. बाप दर्यात लांब असला तरी किनाऱ्यावरून हाक मारून जेवायला बोलवायचा.

त्या वर्षी कर्ण्याने दोनदा वादळ आधी सांगितले आणि दोनदा होड्या वेळेत परतल्या. गावाने कर्ण्याला हार घातला. भागुबाईने खांबावर नारळ फोडला, पाणी बॅटरीत गेले आणि देव दोन दिवस मुका झाला.

आता पेढीचे. व्यापाऱ्यांच्या आगाऊ रकमेला आणि तिच्यापायी पडेल भावात मासळी देण्याला कंटाळून गावाने मच्छीमार पेढी काढली होती आणि हिरामण तिचा अध्यक्ष होता. शेठांच्या किनारा बँकेने आसपासच्या दोन पेढ्या आपल्यात घेतल्या होत्या. तिसरी आमची हवी होती. शेठ म्हणाले, "तांडेल, तुमची पेढी आमच्या बँकेत मिळवा, मोठी होईल." हिरामण म्हणाला, "शेट, ल्हान मासा मोठ्याला मिलतो तो पोटान मिलतो. मंग मोठा कोन होतो ता तुमी सांगा." शेठ हसले. पुढे आठ-पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, कर्ण्याने वारा सांगितला, भरती सांगितली आणि त्याच दमात, चंदरच्याच आवाजात सांगितले : थळच्या मच्छीमार पेढीची स्थिती नाजूक असल्याचे समजते, ठेवीदारांनी सावध असावे.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठे, असे वाटेल. म्हणून आमच्याकडची एक रीत सांगते. दर्यात एका होडीने तोंड फिरवले की सगळ्या होड्या तोंड फिरवतात. का, म्हणून विचारायचे नसते. पुढच्याला काही दिसले असेल, आपल्याला दिसेपर्यंत उशीर होईल. विचारत बसलेले कोण कोण बुडाले त्यांची नावे आजही घेतात. ही रीत दर्यात जीव वाचवते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लोकांनी ती जमिनीवर आणली.

पहिले तोंड भागुबाईने फिरवले. पेढीच्या दारात उभी राहिली, पैसे काढायला. तिच्यामागे सगळे गाव. हिरामण दारात आडवा उभा.

"भागुबाय, पैसा हाय. सगल्यांचा हाय. पन सगला पेटीन नसतो, होड्यांन असतो, जाल्यांन असतो. एका दिसात कुठून काढू?"

"तांडेल, तू खोटा नाय, ठावं हाय मना. पन कर्णा कवा खोटा बोललाय का? आनि बोलला कोन? तुजाच चंदर."

मी मध्ये पडले. "गो भागे, वाऱ्याचा नि पेढीचा काय संबंध?"

"मंग तुज्या लेकाने दोनी एका दमान कशाला सांगितलान?"

दोन्हीचा मालक एक आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, तिलाही. पण वारा खरा निघाला होता ना. खरे बोलणाऱ्याच्या तोंडून खोटे निघाले की ते ओळखायला कोणी शिकवलेले नसते.

चार दिवसांत पेढी बसली. पाचव्या दिवशी शेठ मोटारीतून आले, आणि त्याच संध्याकाळी कर्णा म्हणाला की किनारा बँकेने थळच्या गरीब मच्छीमारांना हात देऊन तारले. ज्या होड्या पेढीकडे गहाण होत्या त्या बँकेकडे गेल्या. आमची मोठी होडी त्यांतच गेली. हिरामणकडे उरली एक लहान होडी, एकट्याने वल्हवायची.

चंदर घरी आला. म्हणाला, "आय, माज्या हातात कागद दिला, मी वाचला. वारा पन तसाच वाचतो." बाप म्हणाला, "वारा नि कागद यांतला फरक तुला कलत नसंल, तर तू कोली नाय, भोंगा हाय." त्या दिवसापासून बापलेक बोलले नाहीत. कर्णा बोलू लागला की हिरामण खळ्यात उभा राहून बादली वाजवायचा. सकाळ-संध्याकाळ, नेमाने. गावातली कुत्री आधीच पळून जायची.

तर केसरला खळे देताना माझ्या अटी. खळे बँकेला, शेठांना किंवा त्यांच्या कोणा भाच्या-पुतण्याला विकू नये, भाड्याने देऊ नये. खांब आणि कर्णा राहू द्यावा. कर्ण्याने या जमिनीवरून वारा, भरती-ओहोटी, वादळ आणि न परतलेल्या होड्यांची नावे एवढेच सांगावे. बँक नको, व्याज नको, मासळीचा भाव नको, शेठांच्या घरचे वाढदिवस तर नकोच. पेटीची चावी केसरकडे राहील. वारा संपला की तिने कळ फिरवावी. आजही ती तेच करते. थळच्या बॅटरीत दोष आहे असे अलिबागला अजून समजतात, आणि एक माणूस तीन वेळा येऊन ती बदलून गेला आहे.

कलम दुसरे. घर.

राहते घर चंदरला देते. शेठांना ते नको आहे, म्हणून काळजी नाही. केसरला त्या घरातून कोणी काढू शकणार नाही, चंदर सुद्धा. भिंतीतून पाणी येते, ते दोघांना सारखे.

कलम तिसरे. हत्यारे.

पाट्या, तराजू, मिठाचे रांजण आणि तिन्ही कोयते केसरला. मधल्या कोयत्याला धार टिकत नाही. तो पाहुण्यांपुढे वापरावा. हिरामणची जाळी सदा तांडेल याला, जो त्याच्या मोठ्या होडीवर हाताखाली होता. सदाने ती वापरावी. भिंतीवर टांगून नमस्कार करू नये, उंदीर कुरतडतील. रद्दीची ट्रंक केसरला. ती अक्षरे शिकते आहे. जोडाक्षर आले की ती त्याच्याकडे विंचवाकडे पाहावे तशी पाहते, पण येईल तिला.

कलम चौथे. शिल्लक.

ती कोणत्याही बँकेत नाही. कुठे आहे हे केसरला ठाऊक आहे. खळे खणून पाहू नये, तिथे नाही. माझ्या उशीत कापूसच आहे.

कलम पाचवे. रामचंद्रशेठ.

शेठांना मी विसरलेले नाही. पेढीतल्या माझ्या भागाचा छापील कागद, ज्याला आता कोणी विचारत नाही, तो त्यांना देते. त्यात एक सुका बोंबील गुंडाळून, दोरी बांधून, बँकेत नेऊन द्यावा. बोंबील चांगला निवडावा. आमच्याकडून खराब माल गेला असे व्हायला नको.

कलम सहावे. भागुबाई.

मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून मी भागुबाईला साक्षीदार केले आहे. हे कलम तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "रांडे, मेलीस तरी खोड जायाची नाय तुजी." आणि अंगठा पुढे केला. पेढीच्या दारात ती पहिली उभी राहिली. हिरामण गेला त्या दिवशी माझ्या दारातही पहिली तीच आली आणि तेरा दिवस माझ्या घरची चूल तिने पेटवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. मी पुसून पाहिले आहे.

कलम सातवे. माझे मरण.

सकाळी मेले तर बाजार बुडवू नये. सुकट तशी टिकते, पण गिऱ्हाईक टिकत नाही. माझ्या मरणाची बातमी कर्ण्यावर देऊ नये. कोणाला उशिरा कळले तर तो उशिरा रडेल, बिघडत नाही. दहाव्याला कावळा शिवायला वेळ लागला, तर माझी इच्छा राहिली असे समजू नये. मी त्यांना आयुष्यभर दगड मारले आहेत, ते मुद्दाम करतील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी केसरने करावी. वकील म्हणाले, "बाईमाणूस?" मी म्हटले, "तुमची फी कोनी दिली?"

कलम आठवे. खांब का ठेवला.

हे मी लिहिणार नव्हते. पण कागद वाचून दाखवला तेव्हा सदाने विचारले, "नीराकाकी, येवढा समदा होऊन खांब ठेवतंस कशाला? कुऱ्हाड मी आनतो." भागुबाईनेही मान हलवली. उद्या केसरलाही कोणी विचारील, म्हणून लिहिते.

हिरामण गेल्या वर्षी कार्तिकात गेला. त्या सकाळी तो पेज पीत होता. आभाळ स्वच्छ, पाणी तेलासारखे. कर्ण्यावर चंदर बोलला : दक्षिणेकडून वादळ येते आहे, दुपारनंतर वारा वाढेल, होड्या दर्यात नेऊ नयेत. हिरामणने बादली वाजवली नाही. हसला. म्हणाला, "पेढी बुडंल म्हनाला, ती बुडाली नव्हती. वादल येल म्हनतो, म्हंजे येनार नाय."

मी म्हटले, "पेढीचा कागद शेटने दिलान. वारा शेट देत नाय. आज ऱ्हावा."

"आज ऱ्हायलो तर त्याचा आयकला असा होईल."

"होऊ दे. लेकच हाय ना तो?"

त्याने पेजेचे भांडे उपडे ठेवले, वल्ही खांद्यावर घेतली आणि गेला. एकटा, कारण बाकी सगळ्यांनी कर्ण्याचे ऐकले होते. वादळ चंदरने सांगितले तसे, सांगितले तेव्हा आले. एक होडी वळली की सगळ्या वळतात, हे मी वर लिहिले आहे. त्या दिवशी त्याला वळवायला दर्यात दुसरी होडीच नव्हती.

संध्याकाळपर्यंत तो आला नाही. अलिबागला चंदरकडे माणूस धाडला. पुढे हिरामणचा देह खांदेरी बेटाच्या खडकांपाशी मिळाला आणि सगळे रीतीप्रमाणे झाले. चंदरला मी क्षमा केली की नाही, हे या कागदात येणार नाही. ते वाटून देण्यासारखे नाही. एवढेच लिहिते की रविवारी तो येतो तेव्हा मी त्याला पहिला वाढते, आणि तो बापाच्या पाटावर बसत नाही.

शेठांनी त्या कर्ण्यातून खोटे बोलवून घेतले, म्हणून माझा नवरा खऱ्यालाही मुकला. पेढी गेली तिचे मी एक वेळ सोडीन, याचे सोडणार नाही. पण खांब तोडला तर उद्या आणखी कोणाचा नवरा खऱ्याला मुकेल, आणि या वेळी तोडणारी मी असेन.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दर्या अजून गरजत होता. हिरामणला शोधायला होड्या काढाव्यात की थांबावे, हे कोणालाच ठरवता येईना. मी खळ्यात गेले आणि खांबाच्या बुडाशी बसले. कर्णा सुरू झाला. चंदरचा आवाज फाटला होता, तरी त्याने सगळे नेहमीच्या क्रमाने सांगितले : वारा पडला आहे, दुपारपर्यंत पडलेलाच राहील. मी उठले, किनाऱ्यावर गेले आणि सदाला म्हटले, "होड्या काढा. तो बोलतो ता खरा हाय."

येणेप्रमाणे आठ कलमे माझ्या हाताने, माझ्या अक्षरात, चष्म्याशिवाय लिहिली. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. शेठांकडून कोणी माझ्या अंगठ्याचा कागद आणला तर तो खोटा समजावा. मला सही येते.

सही : नीराबाई हिरामण तांडेल

साक्षीदार :
१. भागुबाई, शेजारीण, राहणार थळ. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. कागद पुरता वाचून दाखवला. कलम सहा तिच्या आग्रहाने दोनदा.
२. सदा तांडेल, राहणार थळ. सही. सही करताना जाळ्यांचे कलम त्याच्या ध्यानात आले. वकिलांचा नियम त्याला लागत असेल तर जाळी केसरने त्याला आपल्या हाताने द्यावी.

मुक्काम थळ, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८५६, इंग्रजी तारीख १२ नोव्हेंबर १९३४.